शिवी, पंच आणि तारतम्य

आपल्याकडे क्रिकेट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. २०१७ सालच्या जुलै महिन्यात लॉर्ड्सवर इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात कसोटी सामना चालू होता. दक्षिण आफ्रिकेच्या कागिसो रबाडानं बेन स्टोक्सला बाद केलं आणि त्या भरात एक शिवी हासडली. यष्टीजवळच्या मायक्रोफोननं ती टिपली आणि देशोदेशीच्या घरांत ती ऐकू गेली. मग दंड झाला. रबाडाच्या नावावर आधीचे दोषांक होतेच, त्यांत एकाची भर पडली आणि पुढच्या कसोटीला त्याला मुकावं लागलं.

हा झाला मोठ्यांचा, पैशाचा आणि कॅमेऱ्यांचा खेळ. तिथं मैदानावर पंच असतात, मैदानाबाहेर सामनाधिकारी असतो, पुन्हापुन्हा पाहायला चित्रण असतं, आणि कुठल्या गुन्ह्याला किती दंड याचं कोष्टक तयार असतं. आता अशी कल्पना करा, की शिवी देणारा खेळाडू बारा वर्षांचा आहे. चित्रण नाही, सामनाधिकारी नाही. मुलापासून दोन हातांवर एक पंच उभा आहे आणि पुढचा चेंडू पडायच्या आत काय करायचं ते त्याला एकट्यालाच ठरवायचं आहे. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करावं? दटावावं? की मुलाला सरळ मैदानाबाहेर काढावं? अमेरिकेत मुलांचं बेसबॉल जिथं जिथं खेळलं जातं, तिथं हा प्रश्न पंचांपुढे येतो. तो कसा सोडवला जातो, हे समजून घेण्याजोगं आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, तेव्हा दोन शब्द त्याविषयी. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थानं अवघे तीन संघ जमवून लहान मुलांसाठी सामने सुरू केले. त्यातून ‘लिटल लीग’ ही संस्था उभी राहिली. आज ती अनेक देशांत पसरली आहे. तिची मानाची अंतिम स्पर्धा १९४७ पासून भरते आहे. २०२० साली कोविडमुळे तेवढा खंड पडला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतली मुलंही शनिवारी सकाळी हातमोजा घेऊन या मैदानांवर जातात.

मैदान चौकटच्या पानासारखं असतं. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, म्हणजे बेस. त्यांतल्या एका ठाण्याला ‘होम प्लेट’ म्हणतात. तिथं फलंदाज उभा राहतो, त्याच्या मागे झेल घेणारा कॅचर उकिडवा बसतो, आणि कॅचरच्या पाठीशी वाकून पंच उभा असतो. मोठ्यांच्या खेळात दोन ठाण्यांमध्ये नव्वद फुटांचं अंतर असतं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते साठ फूट ठेवलेलं आहे. चेंडू टाकणारा पिचर शेहेचाळीस फुटांवर असतो. म्हणजे सगळा कारभार एखाद्या मोठ्या वाड्याच्या अंगणाएवढ्या जागेत. जाळीपलीकडच्या बाकांवर आईबाप, आजीआजोबा, धाकटी भावंडं. मुलगा जे पुटपुटतो ते पंचाला ऐकू जातंच, आणि आवाज थोडा चढला तर आजीलाही ऐकू जातं.

या खेळात अपयश पदोपदी आहे. चांगल्यातला चांगला फलंदाजसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा बाद होतो. तीन चेंडू हुकले की मुलगा मान खाली घालून परत निघतो आणि सगळे त्याच्याकडे पाहत असतात. त्या चालण्यात तोंडातून एखादा शब्द सुटतो. तो घरी ऐकलेला असतो, सिनेमात ऐकलेला असतो, नाहीतर शाळेच्या बसमध्ये.

नियम काय म्हणतो? लिटल लीगच्या नियमपुस्तकात खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी प्रतिस्पर्ध्याला, पंचाला किंवा प्रेक्षकांना लागेल असं बोलू नये, अशी स्पष्ट मनाई आहे. तसं घडलं तर पंच आधी ताकीद देऊ शकतो, आणि प्रकार चालूच राहिला तर त्या माणसाला बाहेर काढावं, असं पुढे म्हटलं आहे. आणखी एका नियमानं, अखिलाडू वर्तन किंवा भाषा वापरणाऱ्याला बाद ठरवून मैदानाबाहेर घालवण्याचा अधिकार प्रत्येक पंचाला दिला आहे. माझा धंदा शब्दांचा, त्यामुळे माझी नजर अडते ती ‘देऊ शकतो’ यावर. ‘ताकीद द्यावी’ असं तिथं म्हटलेलं नाही. पंचाचं सगळं तारतम्य त्या ‘शकतो’मध्ये साठवलेलं आहे.

अमेरिकेतल्या शालेय क्रीडा संघटनांच्या महासंघाचे नियम थोड्या मोठ्या मुलांसाठी, म्हणजे हायस्कूलसाठी आहेत. तिथं वाक्याची रचना उलटी आहे. अश्लील बोलणं, धाकदपटशा, डिवचणं हे सगळं नाव घेऊन निषिद्ध केलं आहे, आणि असं करणाऱ्याला पंचानं बाहेर काढावं, मात्र गुन्हा किरकोळ वाटला तर ताकीद द्यावी, असं सांगितलं आहे. एका ठिकाणी ताकिदीचं दार आधी उघडतं, दुसऱ्या ठिकाणी हकालपट्टीचं. पण ‘किरकोळ’ म्हणजे किती, हे दोन्हीकडे पंचानंच ठरवायचं आहे.

हकालपट्टीची किंमतही ध्यानात घ्या. लिटल लीगमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, प्रेक्षकांतही बसू शकत नाही, आणि त्याच्या संघाचा पुढचा सामनाही त्याला खेळता येत नाही. मोठ्या माणसाला दोन सामने म्हणजे काही नाही. बारा वर्षांच्या मुलाचा तो अख्खा पंधरवडा असतो. शिवाय मित्रांसमोर, आईबापांसमोर एकट्यानं चालत बाहेर जाणं आलंच.

मग तुम्ही म्हणाल, की शब्दांची एक यादीच करून टाका ना! अमुक शब्द उच्चारला की बाहेर. पंचाच्या मर्जीचा प्रश्नच उरणार नाही. हा विचार नवा नाही. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये तो एकदा करून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्यावसायिक सामन्यांत शिवीगाळ इतकी बोकाळली होती, की सभ्य माणसं बायकामुलांना घेऊन यायला कचरत. तेव्हा सिनसिनाटी संघाचे मालक जॉन ब्रश यांनी १८९८ साली नॅशनल लीगकडून शुद्धीकरणाची एक एकवीस कलमी योजना मंजूर करून घेतली. तीन सदस्यांचं शिस्तमंडळ नेमलं, आणि अतिशय घाणेरड्या भाषेला जन्मभराच्या बंदीपर्यंत शिक्षेची तरतूद केली. परिणाम? त्या मंडळापुढे एकही प्रकरण आलं नाही. शिक्षा इतकी जड असली की ती उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला कुणाचा हात धजत नाही. कायदा कागदावर राहिला आणि शिव्या मैदानावर.

यादीची दुसरी अडचण भाषेचीच आहे. आपल्या घरांतली म्हातारी माणसं नातवाला ‘मेल्या, जेवलास का?’ असं विचारतात. शब्दकोश उघडून पाहिलं तर हा शाप आहे. नातवाला तो घासाइतका गोड लागतो. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. तो ‘बोरीचा बार’. तो संपला की सगळ्या आपापल्या घरी जातात आणि वैर कुणीच धरत नाही. त्याच शिव्या एरवी कुणी पाणवठ्यावर दिल्या असत्या तर डोकी फुटली असती. शब्द तेच, कोण, कुणाला, कुठं आणि कशासाठी म्हणतो यावर त्यांचं वजन ठरतं.

क्रिकेटचे कायदे करणाऱ्यांनाही हे कळलेलं दिसतं. मेरिलबोन क्रिकेट क्लबनं १ ऑक्टोबर २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनाविषयी एक नवा कायदा लागू केला, क्रमांक बेचाळीस. त्यात अश्लील, लागेल अशी किंवा अपमानकारक भाषा हा पहिल्या पायरीचा गुन्हा आहे. संघाला आधी ताकीद, पुन्हा घडलं तर प्रतिस्पर्ध्यांना पाच धावा. पण त्या कलमात एक छोटी पुस्ती जोडली आहे: ‘त्या परिस्थितीत’. त्या परिस्थितीत जी भाषा अश्लील ठरेल ती. म्हणजे फिरून पुन्हा पंचाच्या कानावर आणि अकलेवर येऊन थांबलो.

मग बेसबॉलचे अनुभवी पंच हे तारतम्य वापरतात तरी कसं? त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा आहे. तीन गोष्टी पाहायच्या. बोलणं कुणा व्यक्तीवर रोखलेलं आहे का? ते अश्लील आहे का? आणि ते लांबत चाललं आहे का? व्यावसायिक खेळात ‘हा निर्णय भिकार होता’ असं म्हणणारा बहुधा निभावून जातो. ‘तू भिकार आहेस’ म्हणणारा बाहेर जातो. निर्णयाकडून माणसाकडे बोट वळलं की रेषा ओलांडली गेली.

मुलांच्या खेळात याच ठोकताळ्याला थोडी मुरड घालावी लागते. स्वतःवर चिडून दातांत चावलेला शब्द पंचानं सोडून दिला तरी आभाळ कोसळत नाही. मुलाला शिक्षा बाद होण्यानं झालेलीच असते. तोच शब्द जाळीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आला तर ताकीद हवी, कारण तिथं आठ वर्षांची भावंडं बसलेली आहेत. शब्द प्रतिस्पर्धी मुलावर फेकला गेला तर मात्र मामला गंभीर झाला. त्यातही समोरच्याची जात, वर्ण, धर्म, देश, शरीराचं व्यंग यावर वार असेल तर ताकिदीच्या पायरीवर थांबायचं कारण नाही. अशा शिवीत अनेकदा एकही ‘घाणेरडा’ शब्द नसतो. यादी घेऊन बसलेल्या पंचाला ती ऐकूच येणार नाही. तारतम्य असलेल्याला ती सगळ्यांत आधी ऐकू येते.

ताकीद देण्याचीही एक रीत आहे, आणि मला ती फार आवडते. पंचाच्या खिशात एक छोटा ब्रश असतो. होम प्लेटवर धूळ बसली की तो वाकून ती झटकतो. तेवढ्या वेळात खेळ थांबलेला असतो. पंच खाली वाकलेला, चेहरा मुखवट्याआड. प्रेक्षकांना वाटतं धूळ झटकतो आहे. त्याच वेळी तो कॅचरला किंवा फलंदाजाला हळूच सांगून टाकतो, ‘बाळा, ऐकलं मी. पुन्हा ऐकू येऊ देऊ नकोस.’ किंवा डाव बदलताना प्रशिक्षकाच्या कानावर घालतो, ‘तुमच्या सात नंबरला जरा आवरा.’ मुलाची अब्रू जात नाही आणि सूचनाही पोचते.

याच्या उलट काय होतं, ते २००६ साली विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेत दिसलं. न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडचा संघ खेळत होता. सामना दूरचित्रवाणीवर थेट चालू होता. एका मुलाच्या तोंडून अपशब्द गेला, मायक्रोफोननं तो देशभर पोचवला, आणि त्याच्या व्यवस्थापकानं मुलाला सर्वांदेखत थप्पड मारली. संस्थेनं संघाला समज दिली. लोक शिवीविषयी बोलले, थपडेविषयीही बोलले. मला त्यात तिसरी गोष्ट दिसते. मुलाची चूक दोन हातांवरच्या पंचाच्या कानात जिरली असती. यंत्रानं ती लाखोंच्या कानांत नेली, आणि मग मोठ्या माणसाला आपली लाज राखण्यासाठी लहान माणसावर हात उचलावासा वाटला.

इथवर मी तारतम्याची बाजू मांडली. पण त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तारतम्य म्हणजे अधिकार, आणि अधिकार वापरणाऱ्याला आपले कान असतात, आवडीनिवडी असतात, भीतीही असते. २००५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलांच्या एका सामन्यात मेथुएन गावचा संघ खेळत होता. त्या संघाच्या प्रशिक्षकानं आपल्या पिचरला स्पॅनिशमध्ये सूचना दिली. पंचानं हुकूम सोडला, की मैदानावर फक्त इंग्रजीच बोलायचं. शिवी कुणी दिली नव्हती. एक भाषा पंचाला कळत नव्हती, इतकंच. लिटल लीगनं नंतर जाहीर केलं, की असा कुठलाही नियम नाही आणि पंचाचं चुकलं. पण त्या दिवशीचा खेळ होऊन गेला होता, आणि आपल्या आईची भाषा मैदानावर गुन्हा ठरू शकते हे त्या मुलांना कळून चुकलं होतं.

माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि मी लिहितो मराठीत. एसटीच्या बाकावर दोन माणसं न कळणाऱ्या बोलीत हसली, की ती आपल्यालाच हसली, असं वाटणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. न कळणारी भाषा कानाला नेहमी थोडी शिवीसारखी वाटते. म्हणून पंचाच्या तारतम्याला पहिली वेसण ही हवी, की जे समजलं नाही त्याला शिक्षा नाही. आधी विचारा, मग ठरवा. दुसऱ्या भाषेत दिलेली खरी शिवीही लपून राहत नाही. ज्याला ती लागते त्याच्या चेहऱ्यावर ती उमटते.

दुसरी वेसण आधी सांगण्याची. सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे व्यवस्थापक आणि पंच होम प्लेटपाशी जमतात, खेळाडूंच्या याद्या बदलतात, मैदानाचे स्थानिक नियम बोलतात. तिथंच पंचानं एक वाक्य म्हणावं, की भाषेच्या बाबतीत एकदा सांगेन, दुसऱ्यांदा बाहेर काढीन. मग कुणाला अन्याय वाटायला जागा राहत नाही. तिसरी वेसण समान मापाची. पहिल्या डावात गावच्या संघातल्या मुलाला जे सोडलं, तेच सहाव्या डावात पाहुण्या मुलाला सोडलं पाहिजे. आणि चौथी, राग तिथंच संपवण्याची. ताकीद दिलेल्या मुलाचा पुढचा चेंडू चांगला असेल तर तो चांगलाच म्हटला पाहिजे. शिवीची शिक्षा चेंडूच्या निर्णयातून वसूल करणारा पंच त्या मुलापेक्षा मोठा गुन्हा करतो.

हे सगळं आपण ज्याच्याकडून मागतो आहोत, तो माणूस कोण आहे, तेही पाहायला हवं. मुलांच्या सामन्यांतले कितीतरी पंच स्वयंसेवक असतात. कुणी शेजारचा निवृत्त गृहस्थ, कुणी एखाद्या खेळाडूचा बाप. पुष्कळ ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाच पंचाचं काम करतो. त्याच्यावर खेळणाऱ्या मुलांपेक्षा बाकांवरची मोठी माणसं अधिक तोंड टाकतात. शालेय महासंघाच्या सांगण्यानुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात शालेय खेळांतल्या सुमारे पन्नास हजार पंचांनी काम सोडलं. त्याला कोविडही कारण होता, पण प्रेक्षकांची शिवीगाळ हे कारण पंचांच्या तोंडी वारंवार येतं.

न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड गावच्या लिटल लीगनं २०२३ साली यावर एक मजेदार उपाय काढला. शिवीगाळीला कंटाळून त्यांचे दोन स्वयंसेवक पंच सोडून गेले होते. तेव्हा त्यांनी नियम केला, की पंचाशी गैरवर्तन करणाऱ्या प्रेक्षकाला मैदानावर परत यायचं असेल तर त्यानं आधी तीन सामन्यांत पंच म्हणून उभं राहावं. ज्याला बाकावरून सगळं स्पष्ट दिसतं, त्यानं कॅचरच्या मागे वाकून पाहावं. या नियमाची बातमी देशभर झाली. मला त्यातला शहाणपणा असा दिसतो, की मुलांची भाषा सुधारायची तर सुरुवात जाळीच्या अलीकडून करून भागत नाही. पलीकडे बसलेला बाप जे ओरडतो, तेच मुलगा अर्ध्या तासानं पुटपुटतो.

मुलांच्या शिव्या पूर्णपणे थांबवणारा नियम कुणाला सापडेल असं मला वाटत नाही. चांगला पंच सापडू शकतो. तो ऐकतो सगळं, बोलतो मोजकं, आणि शिक्षा राखून ठेवतो ती दुसऱ्या मुलाला घायाळ करणाऱ्या शब्दासाठी. त्याच्या हातात तारतम्य राहू द्यावं, पण ते सर्वांना आधी माहीत असलेलं आणि सर्वांना सारखं असावं.

आपल्या गावच्या मैदानांवर बेसबॉल नसेल. क्रिकेट आहे, कबड्डी आहे, खो-खो आहे. तिथंही उन्हात शिट्टी घेऊन एखादे सर किंवा कॉलेजातला एखादा पोरगा उभा असतो. त्यानं आपल्या मुलाला बाजूला घेऊन काही सांगितलं, तर ‘काय झालं?’ म्हणून कडेवरून ओरडू नका. त्या दोघांना तेवढा अर्धा मिनिट द्या. मुलगा पुढचा चेंडू कसा खेळतो ते पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)